उंबऱ्यावरून परतलेलं गिऱ्हाईक

समजा, सांगलीच्या विश्रामबागेतले एक निवृत्त शिक्षक रात्रीचं जेवण उरकून मोबाईल घेऊन बसलेत. मे महिन्याचं वीजबिल पाहिल्यापासून छतावर सोलर बसवायचं त्यांच्या मनाने घेतलंय. एका स्थानिक सोलरवाल्याच्या संकेतस्थळावर ‘खर्चाचा अंदाज मिळवा’ असा फॉर्म आहे. सरांनी नाव लिहिलं, मोबाईल नंबर लिहिला. ईमेल एकेक अक्षर पारखून लिहिला. पिनकोड टाकला. पाचव्या रकान्यापाशी बोट थांबलं: ‘महावितरण ग्राहक क्रमांक (१२ अंकी)’.

क्रमांक बिलावर, बिल कपाटात. कपाटाच्या खणात बिलांचा गठ्ठा, गठ्ठ्यात मागच्या वर्षीची घरपट्टी, आणि तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन. बोलणं अर्धा तास चाललं. दुसऱ्या दिवशी सरांनी ते पान पुन्हा उघडलं, तर सगळे रकाने कोरे. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला.

सोलरवाल्याला यातलं काहीच कळलं नाही. त्याच्या लेखी सर आलेच नव्हते.

इथेच दुकान आणि संकेतस्थळ यांच्यात फरक पडतो. कापडाच्या दुकानात एखाद्या बाईंनी चार साड्या उलगडायला लावल्या, एकीच्या पदरावरून दोनदा हात फिरवला आणि ‘येते हं नंतर’ म्हणून त्या उठल्या, की गादीवर बसलेल्या माणसाला पुरेसं कळलेलं असतं. रंग पसंत आहे, किंमत नाही. तो मागून हाक मारतो, ‘ताई, त्यातलीच हलकी दाखवू का?’ संकेतस्थळाला डोळे नाहीत. फॉर्मच्या तळाशी असलेलं ‘सबमिट’ दाबलं तरच त्याला माणूस आल्याचं समजतं. नऊ रकान्यांपैकी आठ भरून परत गेलेला माणूस आणि पानावर पाऊलही न टाकलेला माणूस, दोघेही त्याच्या वहीत सारखेच.

पेढीवर ज्याला ‘चौकशी’ म्हणतात, त्याला आजचे मार्केटिंगवाले ‘लीड’ म्हणतात. अशी अर्ध्यावर सुटलेली चौकशी टिपायची आणि आपोआप जाणाऱ्या ईमेलने त्या माणसाला पुन्हा बोलवायचं, हे आता एक स्वतंत्र तंत्र झालं आहे. ते चालतं कसं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे हाताबाहेर जातं, ते या प्रकरणात पाहू.

माणसं अर्ध्यावर का उठतात

ऑनलाइन खरेदीत टोपली भरून पैसे न भरता निघून जाणाऱ्यांचं प्रमाण डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट अनेक वर्षं मोजते आहे. वेगवेगळ्या पाहण्यांची तिने काढलेली सरासरी सुमारे ७० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे दहापैकी सात टोपल्या दुकानातच राहतात. यातली बरीच माणसं नुसती बघायला आलेली असतात, त्यांना काही केलं तरी थांबवता येत नाही. पण काहींना खरंच घ्यायचं असतं आणि वाटेतला एखादा दगड त्यांना परत पाठवतो.

हा दगड किती लहान असू शकतो, याची दोन उदाहरणं या क्षेत्रात वारंवार सांगितली जातात. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या एक्सपीडियाच्या फॉर्ममध्ये ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. क्रेडिट कार्डाची माहिती भरता भरता तो दिसला की काही जणांना वाटायचं, इथे कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव विचारलंय. ते बँकेचं नाव लिहायचे, मग ओघाने पत्ताही बँकेचाच. कार्डाशी नोंदलेला पत्ता जुळायचा नाही आणि व्यवहार फसायचा. कंपनीने तो रकाना काढून टाकला. त्यामुळे नफा वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरने वाढल्याचं २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालं. एक रकाना, तोही ऐच्छिक.

दुसरं उदाहरण जॅरेड स्पूल या संगणकीय मांडणीच्या अभ्यासकाने २००९ साली लिहिलं. त्याने नाव न सांगितलेल्या एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी ‘नोंदणी करा’ हे बटण यायचं. नवीन ग्राहक त्यालाच अडायचे. वस्तू विकत घ्यायची आहे, नातं कशाला जोडायला लावता, असा त्यांचा सूर. त्या जागी ‘पुढे चला’ हे बटण आलं आणि खातं उघडण्याची गरज नाही असं शेजारी लिहिलं गेलं. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. स्पूलच्या हिशेबाने पहिल्या वर्षातली वाढ ३० कोटी डॉलरची होती.

आपल्याकडचे दगड आपल्याला पाठ आहेत. ओटीपी येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. फोटो ‘५० केबीच्या आत’ मागितलेला असतो आणि मोबाईलने काढलेला फोटो चार एमबीचा. आडनाव आधी की नाव आधी, हे सांगितलेलं नसतं. आणि कपाटातल्या गठ्ठ्यात अडकलेला तो १२ अंकी क्रमांक.

अर्धवट कामाची ओढ

सोडलेलं काम माणसाला पुन्हा खुणावतं का? या प्रश्नावरचे जुने प्रयोग १९२० च्या दशकातल्या बर्लिनचे आहेत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली ब्लूमा झायगार्निक ही संशोधक काम करत होती. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं माणसाला जास्त आठवतात, असा निष्कर्ष तिने १९२७ मध्ये मांडला. मार्केटिंगच्या पुस्तकांत ‘झायगार्निक परिणाम’ म्हणून तो आजही मोठ्या खात्रीने सांगितला जातो. प्रत्यक्षात पुढच्या प्रयोगांतून त्याला एकसारखा दुजोरा मिळालेला नाही.

त्याच प्रयोगशाळेतल्या मारिया ओव्हसियांकिनाचं काम कमी प्रसिद्ध, पण जास्त टिकाऊ ठरलं. तिने लोकांना कामात मध्येच अडवलं आणि मग मोकळं सोडलं. कुणी सांगितलं नसताना, बक्षीस नसताना, बरेच जण ते अर्धं काम पुन्हा हातात घेत होते.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले, की आपल्या विषयाचं मर्म हाती येतं. सरांना फॉर्म आठवेलच असं नाही. पण तो जिथे सोडला तिथपासून पुन्हा समोर आला, तर सर तो बहुधा पुरा करतील. आठवण करून देणं आणि सोडलेल्या जागी नेऊन पोहोचवणं, एवढंच काम त्या मेलने करायचं असतं. मन वळवणं हे त्याचं काम नव्हे.

पडद्यामागे काय घडतं

आता यंत्र उघडून बघू. तुम्ही एखाद्या रकान्यात बोट ठेवता तेव्हा ब्राउझर त्याची नोंद घेतो. अक्षर टाइप केलंत, नोंद. रकाना सोडून पुढच्यावर गेलात, पुन्हा नोंद. या शेवटच्या घटनेला प्रोग्रामरच्या भाषेत ‘ब्लर’ म्हणतात. पानासोबत आलेली जावास्क्रिप्ट या घटनांवर कान ठेवून बसू शकते आणि ब्लर झाला की रकान्यातला मजकूर लगेच सर्व्हरकडे धाडू शकते. ‘सबमिट’ची वाट पाहायची तिला तांत्रिक गरज नसते.

सर्व्हरवर या तुकड्यांची एक नोंद तयार होते. त्या भेटीला एक ओळखक्रमांक मिळतो, त्यासमोर नाव, ईमेल, पिनकोड असं जमेल तसं भरत जातं, शेवटच्या हालचालीची वेळही लागते. नोंदीचा शेरा ‘अपूर्ण’. फॉर्म सबमिट झाला की शेरा बदलून ‘पूर्ण’. दर काही मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम वही चाळतो: शेवटच्या हालचालीला तास उलटला आणि शेरा अजून ‘अपूर्ण’ आहे, अशा नोंदी कोणत्या? त्यांतल्या ज्यांच्यासमोर ईमेल आहे, त्या मेलच्या रांगेत जातात.

मेलमध्ये एक दुवा असतो. त्यात सरांचं नाव किंवा नंबर लिहिलेला नसावा. असावी फक्त लांबलचक, अंदाज न करता येणारी अक्षरमाला. त्या दुव्यावर टिचकी मारली, की सर्व्हर ती नोंद शोधतो आणि भरलेल्या रकान्यांसह फॉर्म समोर ठेवतो. दुव्याला मुदत हवी आणि उघडलेल्या पानावर मोबाईलचे शेवटचे दोन-तीन अंकच दिसावेत, कारण मेल पुढे पाठवला जाऊ शकतो. शिवाय सरांनी ईमेल लिहिताना एक अक्षर चुकवलं असेल, तर तो मेल दुसऱ्याच कुणाच्या तरी पेटीत पडलेला असतो.

यंत्रणेचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे थांबण्याचे नियम. फॉर्म पूर्ण झाला, मेलला उत्तर आलं, दुकानातून फोन होऊन बोलणं झालं किंवा माणसाने ‘नको’ म्हटलं, यांतलं काहीही घडलं की रांगेतले पुढचे मेल तत्काळ रद्द व्हायला हवेत. कालच पैसे भरून मोकळा झालेला माणूस आज ‘तुमचा फॉर्म अपूर्ण आहे’ असं वाचतो, तेव्हा दुकानाचा डावा हात काय करतो ते उजव्याला ठाऊक नाही, एवढंच त्याला कळतं.

हे सगळं हाताने बांधावं लागत नाही. वर्डप्रेसवर चालणाऱ्या डब्ल्यूपीफॉर्म्स आणि ग्रॅव्हिटी फॉर्म्स या दोन्ही साधनांत अर्धवट नोंदी जपण्याची जोडसुविधा मिळते. ग्रॅव्हिटी फॉर्म्सच्या सुविधेत, तुम्ही लिहीत असतानाच माहिती सर्व्हरवर साठवली जाते आहे, अशी सूचना फॉर्मवर दाखवायची सोय दिलेली आहे. ही सूचना का लागते, ते पुढच्या गोष्टीवरून कळेल.

‘सबमिट’च्या अलीकडे

जून २०१७ मध्ये गिझमोडो या अमेरिकी वृत्तस्थळाने एक शोधवार्ता छापली. काही संकेतस्थळांवर बसवलेला एका मार्केटिंग कंपनीचा कोड, लोकांनी फॉर्ममध्ये लिहिलेली माहिती बटण दाबण्याच्या आधीच उचलून नेत होता. माणूस विचार बदलून पान बंद करायचा, पण माहिती तोवर गेलेली असायची.

हे किती पसरलंय, याची मोजणी युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने केली आणि २०२२ च्या युझनिक्स सुरक्षा परिषदेत मांडली. त्यांनी एक लाख लोकप्रिय संकेतस्थळं आपोआप चाळणारं यंत्र तयार केलं. हे यंत्र ईमेलचा रकाना शोधून त्यात पत्ता लिहायचं आणि सबमिट न करताच परत फिरायचं. भेट युरोपातून दिली तेव्हा १,८४४ संकेतस्थळांवरून आणि अमेरिकेतून दिली तेव्हा २,९५० संकेतस्थळांवरून तो पत्ता मागोवा घेणाऱ्या त्रयस्थ कंपन्यांकडे गेलेला आढळला. ५२ संकेतस्थळांवर तर पासवर्डही बाहेर चालला होता, बहुधा कुणाच्या ध्यानीमनी नसताना. संशोधकांनी कळवल्यावर त्या ठिकाणी दुरुस्ती झाली.

तोच माणूस, तेच पान. फक्त तो युरोपात बसलाय की अमेरिकेत, यावर गळती हजाराहून अधिक संकेतस्थळांनी कमी-जास्त होते. तंत्र दोन्हीकडे एकच आहे. युरोपात मात्र २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू आहे.

फॉर्म भरणाऱ्याच्या बाजूने विचार करा. ‘सबमिट’ हे बटण आपल्या मनात एक करार आहे: मी हे दाबेपर्यंत समोर लिहिलेलं माझं आहे. पाकिटात घातलेलं पण पेटीत न टाकलेलं पत्र. पोस्टमनने ते आपल्या टेबलावरून उचलून नेलं, तर मजकूर कितीही साधा असो, आपण त्याला चोरीच म्हणू.

मग पत्ता मिळवायचा कसा

यावर तीन सरळ वाटा आहेत आणि तिन्हींमध्ये गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने पत्ता देतं.

पहिली, फॉर्मचे दोन-तीन टप्पे करायचे. पहिल्या टप्प्यात नाव, ईमेल आणि पिनकोड. खाली ‘पुढे’ हे बटण आणि त्याच्याशेजारी साध्या मराठीत एक ओळ: ‘फॉर्म अर्ध्यावर राहिला तर याच पत्त्यावर एक-दोनदा आठवण करू.’ बटण दाबलं की पत्ता रीतसर दिला गेला. अवघड रकाने नंतरच्या टप्प्यात. सर पाचव्या रकान्यापाशी थांबले, तरी मेल पाठवायचा अधिकार दुकानदाराकडे आहे, आणि सरांनाही तो माहीत आहे.

दुसरी वाट, ‘आत्ता जपून ठेवा, नंतर पूर्ण करा’ असं बटण द्यायचं. कागदपत्रं मागणाऱ्या लांब फॉर्मला ही सोय शोभते. ते बटण दाबणारा माणूस स्वतःच मेल मागत असतो, त्यामुळे तो मेल तो उघडतोही.

तिसरी, ईमेलच्या रकान्याखाली एक रिकामी चौकट ठेवायची आणि खूण करण्याचं काम माणसावर सोडायचं. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय महासंघाच्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिलेला आहे.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. दिलेली संमती मागे घेणं, देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्यांत मराठी आहे, कोकणीही आहे. इंग्रजीतल्या बारीक अक्षरांच्या आडोशाने सांगलीतल्या सरांची संमती घेतली असं म्हणण्याचे दिवस संपत आलेत. माहिती सुरक्षित ठेवण्यातल्या हलगर्जीपणाला या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

ग्राहक संरक्षणाच्या बाजूनेही एक कुंपण आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संकेतस्थळांवरच्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशा शब्दांचं बटण ठेवून नकार देणाऱ्याला लाजवणं त्यात येतं, आणि एकाच गोष्टीसाठी पुन्हापुन्हा भुणभुण लावणंही येतं. सहाव्या आठवणीचा मेल लिहिणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी.

पत्र कसं असावं

आता तो मेलच लिहून पाहू.

*विषय: तुमचा सोलरचा अंदाज अर्ध्यावर राहिलाय*

*नमस्कार सर,*

*काल रात्री तुम्ही आमच्या संकेतस्थळावर छतावरच्या सोलरचा अंदाज मागायला सुरुवात केली होती. नाव, मोबाईल आणि पिनकोड नोंदवलेला आहे. ग्राहक क्रमांक राहिला आहे.*

*तो वीजबिलाच्या वरच्या भागात छापलेला असतो. बिल हाताशी नसेल, तर महिन्याला साधारण किती रुपये बिल येतं एवढंच कळवा. त्यावरूनही ढोबळ अंदाज देता येतो.*

*जिथे थांबलात तिथून पुढे जाण्यासाठी हा दुवा. सात दिवस चालू राहील.*

*आता विचार नसेल, तर खालच्या दुव्यावर तसं सांगा. तुमची माहिती आम्ही काढून टाकू.*

या मजकुरात सवलत नाही, ‘आजच शेवटचा दिवस’ नाही, उद्गारचिन्ह नाही. मेल का आला, ते पहिल्याच वाक्यात आहे. आपल्याकडे काय नोंदलं गेलंय, ते लपवलेलं नाही. आणि मधल्या परिच्छेदाने दगडालाच हात घातला आहे: क्रमांक कुठे सापडेल आणि नाही सापडला तर काय. हा परिच्छेद लिहिता येतो, कारण कोणता रकाना रिकामा राहिला ते यंत्रणेला ठाऊक आहे. वीजजोडणीच्या मंजूर भाराच्या रकान्यापाशी थांबलेल्या माणसाला वेगळा परिच्छेद जायला हवा. सगळ्यांना एकच ‘आपण काहीतरी विसरलात’ पाठवणं म्हणजे दुकानातून उठलेल्या प्रत्येक बाईंना एकच साडी दाखवणं.

सवलतीबद्दल एक इशारा. फॉर्म सोडला की दोन दिवसांनी दहा टक्के सूट मिळते, हे एकदा कळलं, की शहाणं गिऱ्हाईक मुद्दाम फॉर्म सोडू लागतं. भाव न करता घेणारा तेवढा मूर्ख ठरतो.

मेल कधी जावा? जेम्स ओल्डरॉयड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये अमेरिकी कंपन्यांच्या पाहणीवरून लिहिलं, की चौकशी आल्यापासून तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांना खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याची संधी, त्यानंतर तासाभराचाही उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. ती पाहणी सबमिट केलेल्या चौकशींची होती, तरी धडा लागू पडतो: ऊब लवकर जाते. पण सरांनी फॉर्म सोडला रात्री दहाला. अकरा वाजता आलेला मेल ऊब टिकवत नाही, दचकवतो. म्हणून दिवसा सुटलेल्या फॉर्मला तासाभराने आणि रात्री सुटलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम बरा. दुसरी आठवण तीन-चार दिवसांनी. त्यानंतर थांबावं आणि दुव्याची मुदत संपली की नोंद पुसून टाकावी.

मेल पोहोचणं हीसुद्धा एक परीक्षा आहे. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. आपल्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, ती यादी म्हणजे एसपीएफ. वाटेत मजकूर बदलला नाही याची सही म्हणजे डीकिम. ही पडताळणी चुकली तर मेलचं काय करायचं, याची सूचना म्हणजे डीमार्क. दिवसाला ५,००० हून अधिक मेल जीमेलकडे धाडणाऱ्यांना तिन्ही लागतात. शिवाय प्रचाराच्या मेलमधून एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्यावी लागते. ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवणं सर्वांनाच आवश्यक आहे. हजार मेलमागे तीन माणसं वैतागली, की दुकानाचं प्रत्येक पत्र, अगदी पावतीसुद्धा, कचऱ्याच्या पेटीकडे कलू लागतं. पाठलागाची किंमत अशी वसूल होते.

आपल्याकडे ईमेलपेक्षा व्हॉट्सअॅप जास्त उघडलं जातं, मग तिथेच का नको? चालेल, पण तिथेही व्यावसायिकाला आधी संमती घ्यावी लागते, आणि एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. खिशात वाजणारा निरोप ईमेलपेक्षा जास्त टोचतो, हेही धरून चालावं.

हिशेब मांडताना

अशी साधनं विकणारे मोठमोठे आकडे सांगतात: इतक्या मेलमधून इतकी गिऱ्हाइकं परत आली. त्यांतली काही मेल न पाठवताही परत आलीच असती. सरांना पुढच्या आठवड्यात बिल सापडलंच असतं. म्हणून हिशेबासाठी काही जणांना मुद्दाम मेल पाठवायचा नाही.

समजा ३०० फॉर्म अर्ध्यावर सुटले. चिठ्ठ्या टाकून २०० जणांना मेल पाठवला, १०० जणांना नाही. मेल मिळालेल्यांपैकी ३० परतले, म्हणजे १५ टक्के. न मिळालेल्यांपैकी ९ परतले, म्हणजे ९ टक्के. याच दराने त्या दोनशेंपैकी १८ जण आपणहून आलेच असते. मेलचं श्रेय ३० नव्हे, १२. आकडे छोटे असले की योगायोगाचा वाटाही मोठा असतो, तेव्हा एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये. ‘किती जणांनी मेल उघडला’ या आकड्यावर तर विसंबूच नये. सप्टेंबर २०२१ पासून अॅपलची मेल सुविधा ग्राहकाच्या वतीने मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. फॉर्म पूर्ण झाला का, एवढंच मोजावं.

खरं धन मात्र वेगळ्याच वहीत असतं. अपूर्ण नोंदींमधून नावं आणि पत्ते काढून टाका, फक्त शेवटचा भरलेला रकाना कोणता, तेवढं ठेवा. महिनाभराने त्यांची मोजदाद करा. शंभरातले चाळीस जण एकाच रकान्यापाशी उठले असतील, तर ती चाळीस माणसं तुम्हाला एकच गोष्ट सांगताहेत, आणि ती ऐकायला कुणाचा ईमेल लागत नाही. एक्सपीडियाने त्या ग्राहकांना आठवणीचे मेल धाडले नव्हते, रकाना खोडला होता.

तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फॉर्म असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर तो मोबाईलवर भरून पाहा, कपाटापर्यंत न जाता. जिथे उठावं लागेल, तो रकाना ऐच्छिक करा किंवा शेवटी न्या. छताचा पहिला ढोबळ अंदाज द्यायला ग्राहक क्रमांक लागत नाही. महिन्याचं बिल आणि छताचा आकार पुरतो. तेवढंच विचारलं असतं, तर सरांचा फॉर्म मुलीच्या फोनच्या आधीच पुरा झाला असता.